एफ ३ आला म्हणून लगेच बोर्ड बदलू नकोस

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ओव्हन मधेच टूं टूं करत बंद पडतो, डिस्प्लेवर एफ ३ येतं आणि आलेला माणूस म्हणतो बोर्ड, म्हणजे ओव्हन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला, नवीन टाका. थांब जरा, लगेच हो म्हणू नकोस. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, मी येड्यासारखा बोर्ड बदलून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी नव्याकोऱ्या बोर्डावर परत एफ ३! त्या बाबाने मल्टिमीटर पिशवीतून बाहेरच काढला नव्हता, नुसता कोड बघून निकाल.

अरे, कोड म्हणजे बोर्डाला काय दिसतंय तेवढंच, बिघाड कुठेय ते नाही. आधी मॅन्युअल बघ कारण मॉडेलगणिक अर्थ बदलतो, पण एफ ३ बऱ्याच ओव्हनमध्ये टेम्परेचर सेन्सरचा असतो, म्हणजे त्याचं सर्किट कुठेतरी तुटलंय नाहीतर शॉर्ट झालंय. एमसीबी (मेन लाइनचा खटका) पाडून पाचेक मिनिटं थांब आणि परत चालू कर. कोड गार असताना गेला आणि तापल्यावरच परत आला तर मला आधी वायर नाहीतर जोडाचा संशय येईल, कारण तापून पत्रा-पिना फुगतात आणि ढिला जोड सुटतो.

आता मोजायचं. पण एमसीबी खाली पाडून, टेस्टर लावून खात्री करून मगच, नुसतं नॉब बंद केलं म्हणजे वीज गेली असं नाही. आत मागच्या भिंतीला वरच्या बाजूला पेन्सिलीसारखी बारीक स्टीलची कांडी दिसेल, बहुतेक दोन स्क्रूवर. स्क्रू काढून हळू ओढ, मागून वायर आणि कनेक्टर येतो, आणि तो कनेक्टर सोडवलास की ओव्हनकडची वायर चिमट्याने धरून ठेव हां, माझी सटकन भोकात गेली आणि मग अख्खा ओव्हन बाहेर ओढावा लागला, पत्र्याच्या कडेने बोट कापलं ते वेगळंच.

मीटर ओहमवर ठेव. १००० ओहमवाला (म्हणजे शून्य डिग्रीला १००० दाखवणारा) सेन्सर असेल तर खोलीच्या तापमानाला साधारण १०८० ते ११०० दाखवेल, आणि कांडी मुठीत धरलीस की आकडा हळूहळू चढेल, डिग्रीमागे जवळपास ४ ओहम. आकडाच येत नसेल तर सेन्सर तुटला, शून्याच्या आसपास असेल तर शॉर्ट. सेन्सर ठीक निघाला तर तो परत जोडून बोर्डाकडच्या टोकाला, बोर्डातून प्लग काढून, तेच मोज. तिथेही तोच आकडा आला तरच बोर्डावर संशय घे.

माझ्याकडे काय निघालं माहितीये? कनेक्टरमधली एक पिन, जळून चॉकलेटी झालेली, बोटाने हलवली तर खुळखुळ वाजत होती. एवढुशी पिन रे! जोड बदलायचा झाला तर उष्णता सोसणारा सिरॅमिकचाच घे, साधी टेप गुंडाळलीस तर ती वितळून चिकटेल. आणि सेन्सर घेताना मॉडेल नंबर दाखव, ५०० ओहमवाले पण मिळतात आणि दिसायला अगदी तसेच असतात.

मीटर नसेल तर माझा घेऊन जा, बॅटरी तेवढी नवीन टाक. मोजलंस की दोन्ही आकडे कळव, गार असतानाचा आणि मुठीत धरल्यावरचा, आणि तोवर त्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
पक्या