लिलावपूर्व चित्रदर्शन : सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, ब्रिटिश चित्रकार बेन निकल्सन यांचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक लहान अमूर्त चित्र लंडनमध्ये लिलावास येत असून, ते प्रत्यक्ष पाहण्यासाठी आपण येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता लिलावगृहाच्या प्रवेशद्वाराशी जमणार आहोत. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर आले असताना, निकल्सन आणि शिल्पकार बार्बरा हेपवर्थ मुलांसह लंडन सोडून कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्‌सजवळ राहायला गेले. हे काम त्या वास्तव्यातले आहे. रंगाखालून डोकावणारी पेन्सिलीची रेघ छायाचित्रात हरवते, तेव्हा केवळ लिलावाच्या सचित्र सूचीवर विसंबू नये. चित्राची मागची बाजूही दाखविण्याची विनंती अवश्य करावी, कारण निकल्सन शीर्षक व साल अनेकदा तेथेच लिहीत.

१. चित्रास हात लावू नये. मोठ्या पिशव्या आणू नयेत.

२. बोली लावू इच्छिणाऱ्यांनी आपली नोंदणी स्वतः आधीच करावी. हातोडा पडतो ती, म्हणजे शेवटच्या बोलीची, रक्कम अंतिम नसते. तीवर लिलावगृहाचे शुल्क चढते आणि निकल्सन यांच्या निधनाला (१९८२) सत्तर वर्षे झालेली नसल्याने वारसांचा पुनर्विक्री हक्कही (चित्र पुन्हा विकले जाताना त्यांना मिळणारा वाटा) लागू होतो. गट कोणाच्याही वतीने बोली लावणार नाही.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव कळवावे.

— चिटणीस