रांगेत बोलावे की गप्प राहावे?

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राचे उत्तर फार लांबले. माझी प्रकृती चांगली आहे, गुडघा आटोक्यात आहे आणि घरी सर्व ठीक आहेत. आज लिहायला बसले ती एका वरवर साध्या दिसणाऱ्या गोष्टीमुळे. घरात ती सांगितली असती तर "एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस" हे ऐकावे लागले असते. वसतिगृहात न्हाणीघरापुढे आपले जे भांडण झाले होते ते तुला नक्की आठवत असेल, म्हणून ही गोष्ट तुलाच कळेल असे वाटते.

गेल्या आठवड्यात किराणा आणायला गेले होते. पैसे भरण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक वृद्ध बाई काठी टेकून उभ्या होत्या. सामानाची टोपली त्यांनी जमिनीवर ठेवली होती आणि रांग सरकली की त्या ती पायाने हळूच पुढे ढकलत होत्या, कारण उचलणे त्यांना जड जात होते. तसे करताना त्यांच्यापुढे थोडी मोकळी जागा पडली आणि एक गृहस्थ काठोकाठ भरलेली ट्रॉली घेऊन त्या जागेत शिरले. त्यांनी कोणाला विचारले नाही, मागे वळून पाहिले नाही, कानाचा फोनही काढला नाही. मी म्हणाले, "अहो, या आजी तुमच्या आधीपासून उभ्या आहेत, रांग मागून आहे." आवाज मुळीच चढवला नव्हता. त्यांनी फोन जरासा बाजूला केला आणि विचारले, "मग त्या का नाही बोलत? तुमचं काय जातंय?" मी उत्तर देणार तेवढ्यात त्या आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो, कशाला उगीच?"

नंदा, त्या गृहस्थांचे बोलणे मी घरी पोहोचेपर्यंत विसरले असते, पण आजींचे ते वाक्य अजून मनातून जात नाही. जिच्यासाठी बोलावे तिनेच थांबवावे, याचा अर्थ काय लावायचा? त्यांना माझ्या बोलण्याने आधार वाटला नाही, उलट भीती वाटली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आमच्या मागे उभे असलेले सगळे लोक आपापल्या फोनमध्ये पाहत राहिले. ते गृहस्थ आधी पैसे भरून गेले. मग मी आजींची टोपली उचलून काउंटरवर ठेवली, तेव्हा त्या मोकळेपणाने हसल्या.

वसतिगृहात तूही नेमके हेच म्हणायचीस, जाऊ दे. ती वरच्या मजल्यावरची मुलगी रोज न्हाणीघराच्या रांगेत स्वतःची बादली मध्ये सरकवायची आणि तू म्हणायचीस, पाच मिनिटांनी काय बिघडते. मी म्हणायचे, प्रश्न पाच मिनिटांचा नाहीच. त्यावरून तू माझ्याशी अबोला धरलास आणि त्या अबोल्यातही रोज सकाळी माझी बादली भरून ठेवलीस. इतका प्रेमळ अबोला मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो वाद आपण पुढे कितीदा उकरून काढला, पण तो मिटला मात्र कधीच नाही. माझे मत आजही तेच आहे, फक्त आता मला त्याची कारणे अधिक नीट मांडता येतात, म्हणून तुला हे सगळे ऐकून घ्यावे लागणार आहे.

स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १२९ रांगांवर एक प्रयोग केला होता. त्याचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची माणसे रांगेत तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये घुसत आणि मग कोण काय करते हे पाहिले जाई. एकच माणूस घुसला तर निम्म्याहून थोड्या अधिक रांगांमध्ये कोणीतरी हरकत घेतली, आणि दोघे घुसले तर जवळजवळ प्रत्येक रांगेत घेतली. मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो त्यातला एक वेगळा भाग. घुसणाऱ्याच्या लगेच मागे प्रयोग करणाऱ्यांचीच दोन माणसे मुद्दाम गप्प उभी केली, तर त्यांच्या मागचे लोकही जवळजवळ बोलेनासे झाले. ज्याची जागा सर्वांत आधी गेली तोच गप्प आहे, मग आपण कशाला बोलावे, असे मागच्या प्रत्येकाला वाटत असणार. आमच्या रांगेतही नेमके हेच घडले. एका दबलेल्या माणसाचे गप्प बसणे सर्वांची संमती ठरली आणि त्या गृहस्थांनी तीच संमती पुढे करून मला विचारले, "मग त्या का नाही बोलत?"

पूर्वी दुकानात हा प्रश्न फारसा येत नसावा, असे मला वाटते. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभे राही, दुकानदार पलीकडून सामान काढून देई आणि कोणाचा नंबर हेही बहुधा तोच ठरवी. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स याने गिऱ्हाइकांनी स्वतः फिरून सामान घ्यावे असे दुकान उघडले आणि पुढे ती पद्धत जगभर पसरली. १९३७ मध्ये ओक्लाहोमा येथील सिल्व्हन गोल्डमन याने चाकांची गाडी आणली, त्यामुळे एका माणसाला पुष्कळ सामान नेता येऊ लागले. सोय झाली यात शंका नाही. पण फळीपलीकडचा जो माणूस सर्वांवर नजर ठेवून होता तो निघून गेला आणि त्याचे काम कोणी न सांगता आपल्या सर्वांवर येऊन पडले. दोन फळ्यांमधल्या बोळात ट्रॉली आडवी लावू नये, मुलांना तिच्यावर लटकू देऊ नये, नको झालेली वस्तू भलत्याच फळीवर टाकून जाऊ नये, नुसती पिशवी रांगेत ठेवून उरलेले सामान शोधायला निघून जाऊ नये, हे आता कोणी सांगत नाही. प्रत्येकाने मनाने पाळले तरच ते पाळले जाते.

यातल्या सगळ्यांना मी एका मापाने मोजत नाही, हेही लिहिते, नाहीतर तू लगेच तेच म्हणशील. बोळ अडवून उभ्या असलेल्या माणसाचे बहुतेक वेळा आपल्याकडे लक्षच नसते. तो घरच्या कोणाच्या पथ्यासाठी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचत असेल, किंवा तू वाचतेस तशी केवळ आवडीने वाचत असेल. (माई तुला दुकानात बरोबर नेत नसत, त्याचे हेच कारण होते.) अशा माणसाला "जरा जाऊ देता का?" एवढे म्हटले की तो ओशाळून बाजूला होतो. त्याच्या ट्रॉलीला मात्र आपण हात लावू नये. माणूस एरवी कितीही शांत असला तरी आपली ट्रॉली दुसऱ्याने सरकवलेली त्याला खपत नाही. गर्दी असेल तेव्हा मी माझी ट्रॉली बोळाच्या तोंडाशी कडेला लावते आणि हवे ते चालत जाऊन आणते. यामुळे माझी अर्धी चिडचिड कमी झाली आहे, तूही करून पाहा. मागून कोणी आपली ट्रॉली टाचेला लावत असेल तर मी पुढे न सरकता वळून त्याच्याकडे पाहते आणि "थोडं अंतर ठेवता का?" असे विचारते. जो जाणूनबुजून घुसतो त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे लक्ष नसते असे नाही. कोण बोलणार नाही हे त्याने आधीच पाहून ठेवलेले असते, आणि म्हणूनच तो काठी टेकलेल्या बाईंपुढे घुसतो.

त्यामुळे गप्प राहावे हे मला आजही पटत नाही. पण आजींची भीतीही खोटी नव्हती. मी बोलून मोकळी झाले असते, आणि त्या गृहस्थांच्या पाठीशी खेटून पुढची दहा मिनिटे त्यांना काढायची होती. त्यांच्या नावाने मी भांडण सुरू केले तर त्याची झळ त्यांना लागणार होती. यावर बराच विचार केल्यावर मला असे वाटू लागले आहे की बोलावे ते स्वतःच्या नावाने. "या बाई आधी होत्या" असे न म्हणता "मी रांगेत आहे, तुम्ही माझ्यापुढे आला आहात, कृपया मागे या" असे म्हणावे. ते खरेही आहे, कारण मध्ये घुसणारा एकट्या आजींच्या पुढे जात नाही, त्यांच्या मागच्या प्रत्येकाच्या पुढे जातो. मग "तुमचं काय जातंय" या प्रश्नाला जागाच राहत नाही. माझा नंबर जातो आहे, हे त्याचे सरळ उत्तर आहे. आणि एवढे सांगूनही तो हलला नाही, तर काउंटरवरच्या मुलीला शांतपणे सांगावे आणि तिथेच थांबावे.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना म्हटले आहे की अन्यायाने पाहावी लागलेली वाट न्यायाने पाहाव्या लागलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते. "पाच मिनिटांनी काय बिघडते" या तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे, आणि ते द्यायला मला इतकी वर्षे लागली!

आणखी एक गोष्ट केली. दुकानाच्या व्यवस्थापकांना भेटून सुचवले की प्रत्येक काउंटरपुढे वेगळी रांग न ठेवता सर्वांची एकच रांग करावी आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढच्या माणसाने जावे. आता आपण एका रांगेत उभे असतो आणि दोन्ही बाजूंच्या रांगांकडे पाहत असतो. तिन्ही सारख्याच दिसत असल्या तर आपली सर्वांत आधी सरकण्याची शक्यता तीनात एक एवढीच, म्हणून बहुतेक वेळा आपणच मागे पडलो असे वाटते आणि माणसे इकडून तिकडे उड्या मारतात. एका रांगेत मागून आलेला पुढे जात नाही. घुसणाराही सर्वांना दिसतो, आणि काठी टेकलेल्या माणसासाठी रांगेच्या कडेला खुर्ची ठेवता येते. त्यांनी ऐकून घेतले. जागा अपुरी आहे असे म्हणाले, पण खुर्ची ठेवण्याचे कबूल केले. रांगेविषयी मी पुन्हा विचारणार आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले ते कळव. धाकट्याचा निकाल चांगला लागला हे वहिनींकडून समजले, त्याला माझे आशीर्वाद सांग. माईंची तब्येत आता कशी आहे? नवे घर लागले असेल तर पत्ता पाठव. आणि या पत्राचे उत्तर देताना माझी समजूत काढू नकोस. स्वतःच्या नावाने बोलावे हे तुला पटते की नाही, आणि पटत नसेल तर का, ते सविस्तर लिही. त्यासाठी पुन्हा अबोला धरावा लागला तरी मला चालेल.

तुझीच,
शालू

ता. क. तू पाठवलेली पिशवी मिळाली. फार उपयोगी पडते आहे.