डिप्लोमावालीस पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालीस, "मी डिप्लोमावाली, मला डिझाइनला कोण घेणार?" फोनवर तुझ्याशी वाद घालता येत नाही, तू फोन ठेवून मोकळी होतेस. म्हणून लिहिते.

तुझ्या भिंतीवर अ‍ॅस्टन मार्टिनची डीबी११ गाडी आहे ना, ती २०१६ साली आली तेव्हा कंपनीचा प्रमुख होता अँडी पामर. हा इंग्रज पोरगा १६ व्या वर्षी शाळा सोडून, १९७९ मध्ये, क्लच-ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागला. शिक्षण मात्र सोडलं नाही. आधी वॉरिक विद्यापीठाची एमएस्सी, मग क्रॅनफिल्ड विद्यापीठाची डॉक्टरेट, दोन्ही नोकरी सांभाळून. मधे रोव्हर ही मोटार कंपनी, १९९१ पासून निसान, मग त्यांच्याच कामानं जपान. २०१४ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनची खुर्ची.

खुर्चीचं मला फारसं कौतुक नाही. कौतुक आहे ते डीबी११ च्या वेळचं. इंजिन नवं, बॉडी नवी, इलेक्ट्रॉनिक्स मर्सिडीजकडून घेतलेलं. इतकं सगळं एकदम बदललं की कुठेतरी फट राहतेच, हे तुला मी काय सांगू! आणि किंमत दीड लाख पौंडांच्या वर. तेव्हा यानं जाहीर केलं, पहिल्या १००० गाड्या मी स्वतः तपासणार. कंपनीचा प्रमुख, आणि काम इन्स्पेक्शनचं! तुमच्या कारखान्यातले साहेब करतील का?

पुढे सगळं गोड झालं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीचा शेअर १९ पौंडांना बाजारात आणला, तो घसरतच गेला. भाव फार चढा लावला असं माझं मत. बाबांना ते पटत नाही, ते बाजाराला दोष देतात. मे २०२० मध्ये पामरला जावं लागलं. ज्या डीबीएक्स या एसयूव्हीसाठी वेल्समध्ये नवा कारखाना उभा केला, ती गिऱ्हाइकांच्या हाती पडायच्या आतच. त्यानंतर तो अशोक लेलँडच्या स्विच मोबिलिटी या कंपनीत विजेच्या बसेसच्या कामाला लागला.

तर नोकरी करणाऱ्यांसाठीच्या डिग्रीचा फॉर्म भर. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, फीचं आम्ही बघतो. रविवारी बाबा येतायत, त्यांच्यासोबत दाखल्यांची फाइल आणि चकल्या पाठवते. मूळ प्रती तिथेच मोजून घे, त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

तुझी,
आई