वाट चुकणे हेही लक्षणच

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या लक्षणांवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात नावे-तारखा विसरण्यावर भर आहे. वाट चुकण्याचा उल्लेख मात्र ओझरता. हे पटले नाही. अल्झायमरमध्ये मेंदूतील एंटोरायनल कॉर्टेक्स हा भाग फार लवकर बाधित होतो आणि जागेचा मनातला नकाशा आखणाऱ्या ‘ग्रिड’ पेशी तिथेच असतात. (२०१४च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या पेशींच्या शोधाचाही वाटा होता.) त्यामुळे सवयीच्या रस्त्याने माणूस बिनचूक जातो, पण तोच रस्ता बंद असला की पर्यायी वाट त्याला जुळवता येत नाही. घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात, याचे वाईट वाटते. स्मरणशक्तीची तपासणी करताना डॉक्टरांनी याविषयी रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकांनाही आवर्जून विचारावे.

– एक वाचक