कागदी घोडे

प्रति,
घोडा ज्यांच्या खात्यात येत असेल ते माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

पत्रावर खात्याचं नाव घातलेलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. घोडा नेमका कुणाच्या खात्यात येतो, हे सहा आठवडे विचारतोय. शर्यतीचा परवाना गृह खातं देतं, तेही १९१२ च्या कायद्याखाली. कर अर्थ खातं घेतं. घोडा शिंकला तर पशुसंवर्धन खातं. मैदानाची जमीन महसूल नाहीतर महापालिकेकडे. आणि पदक मिळालं की फोटोला क्रीडा खातं. एवढ्या सगळ्यांना पत्रं पाठवायची तर टपालखर्च परवडत नाही, म्हणून हे उघडच लिहितो. ज्यांना लागू पडेल त्यांनी वाचावं.

निमित्त सांगतो. माझी लेक यंदा दहावीला आहे. आठव्या वर्षापासून घोड्यावर बसते, शो जंपिंग करते. म्हणजे अडथळ्यांवरून घोडा उडवायचा, दांडी पडली की चार पेनल्टी. गेल्या वर्षी ज्युनिअर नॅशनल खेळून आली. पदक नाही मिळालं, पण शेवटची फेरी क्लिअर गेली. माझ्या पगारात हे कसं जमतं ते विचारू नका. स्वतःचा घोडा नाही, क्लबच्या घोड्यांवर तासाच्या हिशेबानं बसते, आणि रविवारी पहाटे तबेल्यात लीद उपसते म्हणून फीमध्ये थोडी सूट मिळते.

त्याच सुमाराला एका सत्कार समारंभात व्यासपीठावरून जाहीर झालं होतं, 'खेळाडूंच्या पालकांना कागदपत्रांसाठी आता एकही हेलपाटा मारावा लागणार नाही.' टाळ्या मीही वाजवल्या, दुसऱ्या रांगेत होतो. त्या आश्वासनाच्या भरवशावर सवलतीच्या गुणांचा अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. आजवर सात हेलपाटे झाले. त्यातले तीन बिनपगारी रजा टाकून.

दुसऱ्या हेलपाट्याला लेक बरोबर होती. खिडकीतल्या साहेबांनी प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर उडी मारणाऱ्या घोड्याचं चित्र आहे.

"हे रेसचं का?"

"नाही साहेब, शो जंपिंग."

"पैसे लावतात ते?"

"नाही हो. अडथळे असतात, दांडी पडली की चार गुण वजा..."

"गुण वजा होतात, मग सवलतीचे गुण कशाला मागता?" एवढं बोलून साहेब शेजारच्या टेबलाकडे बघून हसले. शेजारचं टेबलही हसलं. लेक प्रमाणपत्राच्या लॅमिनेशनवरून नुसता अंगठा फिरवत राहिली.

मग सांगण्यात आलं की खेळ यादीत असल्याचं पत्र आणा. यादी वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपली तेव्हा यादीवाले साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला माझा गुडघा जिन्यात लचकला, तो अजून दुखतोय, लिफ्टवर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी आहे. सातव्या खेपेला पत्र मिळालं आणि त्याच खिडकीत कळलं की मुदत परवाच संपली.

घरी येताना लेक रिक्षात म्हणाली, "बाबा, आमच्यात घोड्यानं एकदा नकार दिला तर चार पेनल्टी. दुसऱ्यांदा दिला की बाद." पुढचं ती बोलली नाही. ते मी बोलतो. या खिडकीनं सात वेळा नकार दिला आणि बाद झाली माझी मुलगी.

आता कबुली देतो. साहेबांचा संशय अगदीच निराधार नव्हता. मी रेसवाला आहे. वडील छापखान्यात कंपोझिटर होते, पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर न्यायचे. पाच रुपयांच्या वर त्यांनी कधी घोडा लावला नाही, आणि लावायच्या आधी अर्धा तास पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याला टेकून उभे राहायचे. "कान बघ," म्हणायचे, "कान मागे पाडलेत त्याने, आज मनात नाही त्याच्या." घामेजलेली मान, सईसाचा लगामावरचा हात, चौथ्या फर्लांगला जॉकी घोडा बाहेर काढतो की आत दाबतो, हे सगळं मी तिथं शिकलो. वसंत शिंदे, पांडू खाडे, पेसी श्रॉफ ही माझ्या लहानपणच्या जॉकींची नावं. वर्गातल्या मुलांच्या वह्यांत गावसकर असायचा, माझ्या वहीत पांडू खाडे. घोड्याकडे बघायची नजर लेकीला माझ्याकडून मिळाली आणि मला वडिलांकडून. या वारशाला आमच्या नातेवाइकांत 'नाद' म्हणतात. नातेवाइकांचं मी मनावर घेत नाही. सरकारचं घ्यावं लागतं.

कारण सरकारची भाषा गिऱ्हाईक बघून बदलते. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली स्वच्छ सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. तमिळनाडू सरकार शर्यती बंद करायला निघालं होतं, त्या खटल्याचा हा निकाल. त्याला पाव शतक उलटून गेलं. मग ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के. कॅसिनोला ४०, आम्हालाही ४०. शंभराच्या पैजेवर चाळीस सरकारचे, मग घोडा पहिला येवो नाहीतर वाटेत बसकण मारो. आणि फोनवर पैजा घेणारा जो बेकायदा बुकी आहे, त्याचा कर किती? शून्य. मंत्रिमहोदय, शंभराला चाळीस आणि शंभराला शून्य यांत गिऱ्हाईक कुठं जाईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. माझे वडील कठड्याला टेकून सांगतील. गेल्या मोसमात मी स्टँडमध्ये माणसं मोजली. एका शर्यतीला साठसत्तर. वडिलांच्या वेळी तेवढे लोक चहाच्या रांगेत असायचे.

कर घेऊ नका असं मी म्हणत नाही. जपानही घेतो. तिथं पैजेच्या उलाढालीतला दहावा हिस्सा सरकारी तिजोरीत जातो, पण त्यातला तीन चतुर्थांश पशुधनाच्या सुधारणेवर खर्च करायचा आणि उरलेला समाजकल्याणावर, असं ठरलेलं आहे. घोड्याच्या जिवावर आलेला पैसा जनावरांकडेच वळतो. आमच्या चाळीस टक्क्यांतला एक रुपया तरी एखाद्या तबेल्याच्या छपराला, एखाद्या सईसाच्या विम्याला किंवा मुलांच्या रायडिंग स्कूलला गेल्याचं दाखवा. आम्ही पुढच्या मोसमात गपचूप पैसे भरू.

जपानचा विषय निघालाच आहे, तर थोडं विषयांतर होऊ द्या. १९८१ साली त्यांनी जपान कप सुरू केला, परदेशी घोडे बोलावले आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेच्या घोडीनं त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं. त्यांनी शर्यत बंद केली नाही, चौकशी समितीही नेमली नाही. संडे सायलेन्स नावाचा एक काळा घोडा होता, १९८९ ची केंटकी डर्बी आणि ब्रीडर्स कप क्लासिक या अमेरिकेतल्या बड्या शर्यती जिंकलेला. अमेरिकेत त्याच्या वंशाला फारसं कुणी विचारत नव्हतं. जपानमध्ये घोड्यांची पैदास करणाऱ्या योशिदांनी तो विकत घेऊन होक्काइदोला नेला. त्याचा मुलगा डीप इम्पॅक्ट, त्याचा मुलगा रिअल स्टील, आणि त्याचा मुलगा फॉरेव्हर यंग. १ नोव्हेंबर २०२५ ला या फॉरेव्हर यंगनं कॅलिफोर्नियात तीच ब्रीडर्स कप क्लासिक अर्ध्या लेंथनं, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीनं मारली. असं करणारा तो पहिला जपानी घोडा. आपल्याकडे पहाटेचे चार वाजत आले होते. मी आणि लेक मोबाइलला नाक लावून बसलो होतो आणि शेवटच्या वळणावर दोघंही एवढ्यानं ओरडलो की बायको काठी घेऊन बाहेर आली, तिला वाटलं चोर. पणजोबांनी जिंकलेली शर्यत पणतू जिंकतो, मध्ये छत्तीस वर्षं. छत्तीस वर्षं एका दिशेनं काम करणं म्हणजे काय, याची कल्पना दर पाच वर्षांनी नव्या घोषणा शोधणाऱ्यांना यायची नाही.

आणि आपण? भीमथडीच्या तट्टांवर बसून अटकेपर्यंत गेलेल्यांचे आपण वंशज. हे वाक्य जयंतीच्या भाषणात टाळ्या घेतं, तट्टांचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताला घोडेस्वारीत तीन सुवर्णं मिळाली. रघुबीर सिंगांचं वैयक्तिक इव्हेंटिंगचं (ड्रेसाज, रानातली दौड आणि उड्या अशी तिहेरी परीक्षा), त्यातलंच एक सांघिक, आणि टेंट पेगिंगमध्ये, म्हणजे दौडत्या घोड्यावरून भाल्यानं जमिनीतला खुंटा उचलण्यात, रुपिंदर सिंग ब्रार यांचं. त्यानंतरचं सुवर्ण २६ सप्टेंबर २०२३ ला, हँगझोऊच्या एशियाडमध्ये, सांघिक ड्रेसाजमध्ये, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्यानं ठरलेल्या चाली करून दाखवायच्या त्या प्रकारात. मध्ये एक्केचाळीस वर्षं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा, अनुष अगरवाला. यातला हृदय मुंबईचा, हे किती जणांना माहीत आहे? आणि या चौघांचे घोडे तिथं कुठून गेले? युरोपातून. पोरं वर्षानुवर्षं घरदार सोडून युरोपात राहिली, तिथंच घोडे पाळले, आणि पदक गळ्यात पडल्यावर आपण म्हणालो, 'भारताचा अभिमान'. अभिमान भारताचा, चारा युरोपाचा. फवाद मिर्झा टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गेला, तेविसावा आला. त्याआधी घोडेस्वारीत आपला माणूस ऑलिम्पिकला होता तो २००० साली.

इथून घोडा परदेशी न्यायचा तर रोगमुक्तीचा दाखला हवा, विलगीकरण हवं, आणि इथंच आपलं घोडं पेंड खातं. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या घोड्यांसाठीच्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं मान्यता दिली. चांगलं झालं, मनापासून म्हणतो. पण मेरठला आहे म्हणजे आमच्या क्लबच्या घोड्याला काय? त्यानं तिथं जायचं कसं, ट्रकमधून, दीड हजार किलोमीटर?

हे आताच विचारायचं कारण असं की अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकचं स्वप्न बघणं चालू आहे. राष्ट्रकुलमध्ये घोडेस्वारी नाही, तेव्हा तिथं निभावेल. ऑलिम्पिकमध्ये आहे. १९५६ ला ऑलिम्पिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. २००८ ला बीजिंगचे घोडे हाँगकाँगला गेले. आपल्याकडचे कुठं पाठवायचं ठरलंय, हे एकदा सांगून टाका. घोडामैदान जवळच आहे.

पण तुम्हाला यातलं काही दिसणार नाही, कारण तुम्हा सगळ्यांना खेळ म्हणजे एकच. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हा विधानभवनात सत्कार झाला, ११ कोटी जाहीर झाले. रोहितवर माझंही प्रेम आहे, मरीन ड्राइव्हची मिरवणूक बघून मीही रडलो. पण ११ कोटीत किती खिडक्यांवर माणसं बसवता आली असती? किमान खेळांची यादी वाचता येणारी? क्रिकेटच काय, बैलगाडा शर्यतीसाठी आमदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात, मे २०२३ ला परवानगी पक्की झाली तेव्हा गुलाल उधळतात. उधळा, शेतकऱ्याचा खेळ आहे. पण बैलामागं मतं असतात आणि घोड्यामागं नसतात, हे एकदा उघड बोला म्हणजे आम्हीही खुळी आशा ठेवणार नाही. मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांवर मात्र सगळ्यांचं अचानक प्रेम बसतं. त्यातले १२० एकर बागेसाठी गेले, ९१ शर्यतींना उरले. बाग होऊ दे, माझा विरोध नाही. फक्त एवढं खरं की घोड्याखालची जमीन दिसते तेवढा घोडा कुणालाच दिसत नाही.

माझ्या मागण्या तीनच होत्या, पत्राच्या सुरुवातीलाच लिहायच्या होत्या, राहून गेल्या. घोड्याला एक खातं द्या, कुठलंही. करातला ठरावीक वाटा घोड्यांवर आणि त्यांच्या माणसांवर खर्च करा. आणि माझ्या मुलीचा अर्ज मुदतीनंतरचा म्हणून का होईना, पण उघडून वाचा. गुण मिळाले नाहीत तरी चालेल, ती मेरिटमध्ये नाही आणि नापासही होणार नाही. 'हे रेसचं का?' या प्रश्नाचं लेखी उत्तर तिला तुमच्या सहीनं हवंय.

आपला,
एक रेसवेडा बाप

ता. क. : इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, महालक्ष्मीला. आलात तर तिकीट माझ्याकडून, कराच्या रकमेसकट. फक्त शर्यतीआधी अर्धा तास माझ्याबरोबर पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहावं लागेल. कान कसे बघायचे ते लेक दाखवेल.