वसाहतीची खुली जागा वसाहतीच्या हाती द्या: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय, सप्रेम नमस्कार.

खानदेशातल्या एका महापालिका हद्दीतल्या वसाहतीतून हे पत्र लिहीत आहे. तुमचा वेळ मोलाचा, म्हणून मागणी आधीच सांगते. आमच्यासारख्या रहिवासी मंडळांना वसाहतीची खुली जागा आणि तिथला हॉल वापरायला दीर्घ मुदतीची, नाममात्र भाड्याची, लेखी परवानगी मिळावी. दरवर्षी नवा अर्ज करून मेहेरबानीची वाट बघायला लागू नये.

आमची वसाहत शेतजमीन बिनशेती होऊन उभी राहिली. यावल, चोपडा, पारोळा, साक्री अशा तालुक्यांतून लोक मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आले, कर्ज काढून प्लॉट घेतले, घरं बांधली. मुलं शिकली आणि पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेली. आईवडील मागे राहिले. त्याच गल्लीत भाड्याच्या खोल्यांत तरुण जोडपी आहेत. दोघंही कामाला, घरात लहान बाळ, आणि सासू-सासरे गावी कापूस नाहीतर केळी सांभाळतात. म्हणजे एका घरात आजी-आजोबा आहेत पण नातवंडं नाहीत, शेजारच्या घरात नेमकं उलटं. मंडळाने मुख्य काम केलं ते या दोन घरांची गाठ घालून देण्याचं.

दुपारी शाळा सुटली की मुलं हॉलवर येतात. दोन-तीन आक्का आणि एक निवृत्त शिक्षक आबा तिथे असतात. अभ्यास घेतात, कहाण्या सांगतात, त्याही अहिराणीतून. आमच्या बऱ्याच मुलांना अहिराणी कळते पण बोलता येत नाही, आणि हे मला फार लागतं. आता निदान आक्कांशी बोलताना तरी ती तोंडात येते.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर धावतात आणि रात्री हॉलमध्ये अभ्यास करतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असली की पुस्तक उघडायला जागा कुठली? या पोरांकडे मंडळाने एक काम दिलं आहे: ज्येष्ठांचे कागद. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची धावपळ सुरू होते. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. मग चेहरा दाखवून दाखला मिळतो, हे तिला सांगायला आणि फोन धरायला कुणीतरी लागतं. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये मिळतात. योजना चांगल्याच आहेत. पण म्हाताऱ्या जिभाऊंचा फॉर्म शेवटी गल्लीतलं पोरगंच भरतं, आणि त्या पोराला बसायला टेबल आम्ही देतो.

उन्हाळ्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण मुंबईत बसून आमचा मे महिना कळणार नाही. पारा ४५ अंशांवर जातो. दहानंतर रस्ता ओस पडतो. पहाटे चारला बायका हॉलच्या गच्चीवर जमतात. बिबडे, कुरडया, पापड ऊन चढायच्या आत घालून होतात. लाटायला विशीतल्या मुली, पिठाचा अंदाज सत्तरीतल्या मावशींचा. तिथेच कळतं, कोण आज आलं नाही. न आलेल्या प्रत्येकीच्या दारावर कुणीतरी जाऊन थाप मारतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात झाला तर सर्वांत आधी शेजाऱ्यालाच समजायला हवं, आणि शेजारी माहीत व्हायला रोज भेटण्याची जागा लागते. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके त्याच मैदानातल्या निंबाला बांधतो. श्रावणात घरोघरी कानबाई ही आमची खानदेशी देवी बसते तेव्हा सुरतेची पोरंही घरी येतात आणि रोटांचा स्वयंपाक गल्लीभर चालतो.

सरकारच्या कारभारात बाळांचं महिला व बालविकास बघतं, ज्येष्ठांचं सामाजिक न्याय, तरुणांचं क्रीडा व युवक कल्याण. आमच्याकडे ही तिन्ही वयं एकाच हॉलमध्ये, एकमेकांच्या मदतीने बसतात. त्यामुळे परवानगी मागायला गेलो की आम्ही नेमके कुणाच्या खात्यात मोडतो, हेच ठरत नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो. मध्ये तर हॉल लग्नाच्या भाड्याला देण्याची चर्चा निघाली होती. लग्नाला आमचा विरोध नाही. पण ऐन हंगामात महिनाभर अभ्यास बंद, मुलांचं येणं बंद, हे कसं चालेल?

यासाठी नवा कायदा करायला नको. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ठरावीक आकारावरच्या ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, आणि तिच्यावर मर्यादेत वाचनालय, पाळणाघर, व्यायामशाळा, योगकेंद्र चालतं. जागा आहे, उपयोगही मान्य आहे. ती चालवायची कुणी, एवढाच प्रश्न उरतो. नोंदणीकृत मंडळ असेल, हिशेब दरवर्षी फलकावर लावत असेल, भाडेकरूंसह सर्व रहिवाशांना जात-धर्म न बघता प्रवेश देत असेल, तर त्याला पाच-दहा वर्षांचा करार द्या. या अटी मोडल्या तर करार काढून घ्या, तेही लिहा. काही मंडळं चार घरांच्या मालकीची होऊन बसतात, हे आम्हीही पाहतो; म्हणूनच अटी कडक हव्यात.

दुसरी गोष्ट क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात तिची तरतूद केली. मतदार यादीतला प्रत्येक जण तिचा सभासद. आमच्या भागात अशी सभा भरल्याचं मला तरी आठवत नाही. ती भरली, तर हॉल कशाला वापरायचा हे लग्नाचं भाडं ठरवणार नाही, आक्का आणि भरतीची पोरं समोरासमोर बसून ठरवतील. सभेला जागा आम्ही देऊ.

आमची सध्याची परवानगी मार्चअखेर संपते. त्याआधी आपल्या विभागाकडून सर्व महापालिकांना एक परिपत्रक निघावं, ही विनंती. उत्तर मंडळाच्या नावे पाठवलंत तर फलकावर लावीन, सगळ्यांना वाचता येईल.

आपली,
रहिवासी मंडळाची एक कार्यकर्ती