बाई, तुम्ही ‘आत्मा’ हा शब्द उघडून दाखवलात

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र खुले लिहीत आहोत, कारण तुम्ही जे दिलेत ते आमच्या वाचन मंडळाच्या कपाटात पडून राहू नये असे वाटते. बायबल आणि उपनिषदे शेजारी ठेवून वाचणारे जे कोणी मराठी वाचक असतील, त्यांच्याही ते हाती लागावे. आमच्यातले काही रविवारी चर्चला जाणारे, काही घरी गणपती बसवणारे. तुम्ही सगळ्यांना एकच वही दिलीत आणि एकच शिस्त लावलीत. संस्कृत तर शिकवलेतच, पण ग्रीक आणि हिब्रू शब्दही कोशात कसे शोधायचे ते हाताला धरून दाखवलेत. त्याबद्दल मनापासून आभार.

आधी त्या वहीबद्दल. एका पानावर चार रकाने: मराठी शब्द, मूळ शब्द, त्या ओळीत त्याचा अर्थ, आणि तो अर्थ नेमका कुणाचा. एका बैठकीला पाच-सहाच ओळी, पण प्रत्येक ओळीच्या मागच्या दोन आणि पुढच्या दोन वाचल्याशिवाय लिहायला हात लावायचा नाही. चौथ्या रकान्यात नुसते ‘हिंदू मत’ किंवा ‘ख्रिस्ती मत’ असे लिहिले की तुम्ही ते खोडायला लावायचात. हिंदू म्हणजे कोण, वेदांताचे वेगवेगळे अर्थ लावणाऱ्या आचार्यांपैकी शंकराचार्य की रामानुज की मध्व? ख्रिस्ती म्हणजे येशूचा प्रेषित पौल, की पुढच्या काळातले धर्मचिंतक ऑगस्टीन किंवा थॉमस अक्वायनस? हा रकाना भरला की अर्धी तुलना आपोआप मार्गी लागते, आणि बाकीची अर्धी करण्यासारखी होते.

मराठी वाचकाची खरी अडचण अशी की दोन्ही परंपरा आपल्या भाषेत तेच शब्द वापरतात. इंग्रजीत वाचणाऱ्याला ‘आत्मन्’ हा परका शब्द दिसतो, म्हणून तो थांबतो. आपण थांबत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात 4:24 ला ‘देव आत्मा आहे’ असे वाक्य आहे. मांडूक्य उपनिषदाच्या दुसऱ्या मंत्रात ‘अयमात्मा ब्रह्म’ आहे. दोन्ही एका कागदावर लिहिली तर एकच वाक्य दोनदा लिहिल्यासारखे वाटते, आणि कितीतरी भाषणे नेमकी इथूनच सुरू होतात.

तुम्ही दोन्ही शब्दांचे कूळ विचारायला लावलेत. योहानाचा मूळ ग्रीक शब्द ‘प्नेउमा’, त्यामागे हिब्रू ‘रूआह’. दोन्हींचा पहिला अर्थ वारा, श्वास. शोमरोनी बाई येशूला विचारते की उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, आणि त्या प्रश्नाला हे उत्तर आहे. देव वाऱ्यासारखा आहे, एखाद्या जागेला बांधलेला नाही. वाक्य देवाबद्दल आहे, माणसाच्या अंतरंगाबद्दल नाही. उपनिषदातला ‘आत्मन्’ मात्र ‘स्वतः’ या अर्थाचा शब्द आहे. त्याचे खरे मराठी अपत्य ‘आत्मा’ नव्हेच, कारण तो शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत आला तो ‘आपण’. ‘अयमात्मा ब्रह्म’ हे ‘हे जे आपण, ते ब्रह्म’ असे वाचा, असे तुम्ही म्हणालात, आणि दोन वाक्यांमधले अंतर एका क्षणात दिसले.

पण अंतर दाखवून तुम्ही थांबला नाहीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत. तुम्ही ऋग्वेदाचे दहावे मंडल उघडलेत, सूक्त 168. ते वाताला, म्हणजे वाऱ्याला उद्देशून आहे. तिथे वाऱ्याला ‘आत्मा देवानाम्’ म्हटले आहे, देवांचा श्वास. तो ‘यथावशं चरति’, मनाला येईल तसा फिरतो. त्याचा घोष तेवढा ऐकू येतो, रूप दिसत नाही. आणि आधीच्याच ऋचेत विचारले आहे की हा जन्मला कुठे, आला कुठून? मग योहान 3:8 वाचायला सांगितलेत: वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज तुला ऐकू येतो, पण तो कुठून येतो आणि कुठे जातो हे तुला कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्या प्रत्येकाचे असेच असते. ग्रीकमध्ये त्या ओळीतला ‘वारा’ आणि ‘आत्मा’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन झाले आणि ओळीतली गंमत गेली. म्हणजे पवित्र आत्म्याच्या जवळचे काही शोधायचे तर वेदांतातल्या साक्षी, म्हणजे नुसते पाहणाऱ्या, आत्म्याकडे धावण्यापेक्षा वेदातल्या वाताकडे जाणे जास्त नेमके. ही दोन पाने आमच्या वहीत समोरासमोर आहेत.

‘जीव’ या शब्दाचे उलटे झाले. वेदांतात जीव म्हणजे उपाधींनी, म्हणजे देह-मनाच्या मर्यादांनी, बांधलेला, जन्मामागून जन्म घेणारा. बायबलच्या मराठीत जीव हा हिब्रू ‘नेफेश’चा प्रतिशब्द, आणि नेफेशचा एक जुना अर्थ चक्क गळा, जिथून श्वास जातो तो. उत्पत्ती 2:7 मध्ये मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत देव श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत नेफेश ‘होतो’. त्याला नेफेश मिळत नाही, तो नेफेश होतो. आत बसलेला कुणी वेगळा नाही, सबंध माणूसच तो. आपल्या रोजच्या बोलण्यातला जीव, म्हणजे जीव लावणे, जीव टाकणे, जीव घाबरा होणे यातला, या अर्थाच्या कितीतरी जवळ आहे. शास्त्रातला शब्द दूर नेतो आणि स्वयंपाकघरातला जवळ आणतो, हे तुमच्यामुळे कळले.

खरा ‘मी’ कोणता, हा प्रश्न आला तेव्हा तुम्ही कपड्यांची उपमा दोन्हीकडून काढलीत. आमच्या मते सगळ्या तुलनेत याहून उपयोगी जागा नाही. गीता 2.22: जीर्ण वस्त्रे टाकून माणूस नवी घेतो, तसा देही, म्हणजे देहात राहणारा, जुनी शरीरे टाकून नवी घेतो. इथे कपडा म्हणजे शरीर, आणि नेसणारा बदलत नाही. पौल कलस्सैकरांना लिहितो (3:9-10) की जुना मनुष्य उतरवा, नवा मनुष्य चढवा. इथे उतरवायचा कपडा म्हणजे जुने आपलेपणच, आणि नवा चढवल्यावर नेसणाराही तोच राहत नाही. त्याहून पुढे 2 करिंथ 5:4 मध्ये तो म्हणतो की आम्हाला वस्त्र उतरवायचे नाही, वर आणखी एक चढवायचे आहे. वेदांती साधनेत पाच कोश, म्हणजे ‘मी’ भोवतीची आवरणे, एकेक बाजूला सारत जायचे: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय, शेवटी जो सारता येत नाही तो मी. पौलाच्या मार्गात काही सारून तळाशी जायचे नाही. शरीरासकट सगळे नवे व्हायचे, आणि ते होते देवाशी असलेल्या नात्यातून. ‘शेवटी दोघेही अहंकार सोडा म्हणतात’ असे म्हणून इथे घाईने गाठ मारली, तर दोघांचेही नुकसान होते. गीतेतला नेसणारा कधी मळलेलाच नव्हता. पौलाचा मळला आहे, आणि त्याला स्वतःला धुता येत नाही.

देवाविषयीच्या शब्दांत सगळ्यात जास्त घोळ त्रैक्यात, म्हणजे ‘एक देव, तीन व्यक्ती’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) यात आहे. आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे माणूस, म्हणून ऐकणाऱ्याला तीन देव दिसतात. संस्कृतात व्यक्ती म्हणजे प्रकट होणे. गीता 7.24 मध्ये कृष्ण म्हणतो की मी अव्यक्त असून मला ‘व्यक्ति’ आली असे अबुद्ध लोक समजतात. त्या कानाने ऐकले तर एकाच देवाची तीन रूपे वाटतात, आणि चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलेले मत ते हेच. एकाच शब्दामुळे दोन उलट चुका होतात. तुमचा तोडगा साधा होता: शब्द राहू द्या, पण त्याच्या शेजारी योहान 10:30 लिहा. ‘मी आणि पिता एक आहोत.’ ग्रीकमध्ये ‘एक’ नपुंसकलिंगी आहे, जसे छांदोग्य उपनिषदात ‘एकमेवाद्वितीयम्’. पण क्रियापद ‘आहोत’, अनेकवचनी. ‘अहं ब्रह्मास्मि’ (मी ब्रह्म आहे) या उपनिषदातल्या महावाक्यात ‘अस्मि’, एकवचनी. नपुंसकलिंगी एक आणि अनेकवचनी आहोत, या दोन व्याकरणांमध्ये त्रैक्याचा सगळा सिद्धांत उभा आहे.

बंगाली ख्रिस्ती संन्यासी ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1898 मध्ये संस्कृत स्तोत्र रचून त्रैक्याला सच्चिदानंद म्हटले: पिता सत् (असणे), पुत्र चित् (जाणीव), आत्मा आनंद. हे सुंदर आहे आणि आजही गायले जाते. ते कुठवर पेलते हेही तुम्ही सांगितलेत. एकत्व सांगायला ते पुरते. पण सत् चितावर प्रेम करत नाही आणि चित् सताला हाक मारत नाही. पिता आणि पुत्र हे शब्दच नात्याचे आहेत, आणि ते नाते काढले तर त्रैक्यात वेगळे असे काही उरत नाही.

निर्मितीबद्दल तुम्ही एका प्रत्ययाकडे बोट दाखवलेत. ‘देवाने शून्यातून जग निर्माण केले’ असे आपण म्हणतो. मराठीतला ‘तून’ साहित्य सांगतो: मातीतून घडा, दुधातून लोणी. त्यामुळे शून्य हे एक प्रकारचे साहित्य वाटू लागते, आणि छांदोग्याच्या सहाव्या अध्यायातला उद्दालकाचा प्रश्न, असतापासून सत् कसे होईल, बरोबर त्यावर बसतो. ‘काहीही साहित्य न घेता’ असे म्हटले की तो प्रश्न वेगळ्या जागी जातो. मग तक्ता स्पष्ट होतो. न्यायदर्शनातला ईश्वर निमित्तकारण, म्हणजे घडवणारा, आहे, पण परमाणू आधीचेच. वेदांताचे ब्रह्म निमित्तही आणि उपादानही, म्हणजे ज्यापासून घडते ते साहित्यही, मुंडक उपनिषदातल्या स्वतःतून जाळे काढणाऱ्या कोळ्यासारखे. बायबलचा देव केवळ निमित्त, आणि उपादान कुठेच नाही. कुंभार म्हणावा तर माती नाही, कोळी म्हणावा तर धागा त्याचा नाही.

अवतार आणि देहधारण यांबद्दल थोडक्यात. फरक एकदा की अनेकदा एवढाच मानला जातो. तुम्ही शेवट पाहायला सांगितलात: महाभारताच्या मौसलपर्वात कृष्ण देह ठेवतो, आणि मरणातून उठलेला येशू आपला शिष्य थोमा याला जखमा दाखवतो. देह मागे टाकला जातो की कायमचा सोबत राहतो, खरा फरक तिथे आहे.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पानासाठी चर्चला जाणाऱ्या मंडळींकडून खास आभार. काशीत वाढलेल्या या मराठी पंडिताने 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ मध्ये अद्वैतावर, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या शंकराचार्यांच्या मतावर, टीका केली की ज्या ज्ञानाला विषयच नाही त्याला ज्ञान म्हणायचे कसे. आम्ही तो ख्रिस्ती आक्षेप समजत होतो. तुम्ही श्रीभाष्याची, म्हणजे रामानुजांच्या ब्रह्मसूत्रांवरील भाष्याची, सुरुवात उघडून दाखवलीत: रामानुजाचार्यांनी तोच आक्षेप कित्येक शतके आधी घेतला आहे, वेदांताच्या घरात बसून. तेव्हापासून चौथ्या रकान्यात आम्ही कधी गोऱ्हे आणि रामानुज एका ओळीत लिहितो, आणि शंकराचार्य वेगळ्या. तुकोबाही तिथे आले: ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितीभाव, मी भक्त तूं देव ऐसें करीं.’ ही ओळ वाचल्यावर अद्वैत म्हणजेच हिंदू मत, असे आमच्यात पुन्हा कुणी म्हटले नाही.

आणि पातळी जुळवण्याचा तुमचा नियम: ग्रंथाशी ग्रंथ, भाष्याशी भाष्य, अभंगाशी स्तोत्र. ब्रह्मसूत्रभाष्य एका हातात आणि रविवारच्या शाळेचे पुस्तक दुसऱ्या हातात, किंवा अक्वायनस इकडे आणि सत्यनारायणाची पोथी तिकडे, असे झाले की निकाल आधीच ठरलेला असतो. आम्ही हा नियम कपाटाच्या दारावर चिकटवला आहे.

सध्या आम्ही गलतीकरांस पत्र 2:20 वर आहोत. आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. पहिला अर्धा भाग वाचताच घरी गणपती बसवणाऱ्यांना महावाक्य आठवले. तुमच्या सवयीप्रमाणे पुढचा अर्धा वाचला, तर ‘मी’ लगेच परत येतो: आता देहात जे जगतो ते देवाच्या पुत्रावरच्या विश्वासाने जगतो, त्याने माझ्यावर प्रेम केले. हा परत आलेला मी रामानुजांच्या शेषासारखा आहे का, ज्याचे असणेच स्वामीसाठी आहे? दोन रकाने भरले आहेत, तिसऱ्यात पेन्सिलीने लिहिले आहे. तुम्हाला वेळ असेल त्या दिवशी वही घेऊन येतो.

आपले,
वाचन मंडळातील सर्वजण